अश्रुपिंडाचें अर्बुद : एका विरळ रोगाच्या ओळखीचा इतिहास



अश्रूंविषयीं आपल्या वाङ्मयांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे; परंतु ते अश्रु ज्या इवल्याशा पिंडांत उत्पन्न होतात त्याच्याविषयीं शाळेच्या आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत दोन ओळींपलीकडे सहसा कांहीं सांपडत नाहीं. त्या पिंडाला क्वचित् होणारा एक रोग आहे. त्याला अश्रुपिंडाचें अर्बुद म्हणावें. या रोगाची ओळख वैद्यांना कशी पटत गेली व त्यावरील उपाय कसे बदलत गेले, याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. मी वैद्य नव्हें. हिंगोलीच्या बाजूला आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. तेव्हां माझें हें भाषण औषध सांगणारें नाहीं. शस्त्र हातीं घेण्यापूर्वीं रोग्याला काय विचारावें, हें शस्त्रवैद्यांना किती सावकाश उमगलें, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

प्रथम हा पिंड कोठें असतो तें पाहूं. आपल्या भुंवईच्या बाहेरच्या टोकाखालीं, कानशिलाच्या बाजूस, कपाळाच्या हाडाला आंतून एक उथळ खळगा आहे. त्या खळग्यांत बदामाच्या आकाराचा एक पिंड वसलेला असतो. हाच अश्रुपिंड, कोणी त्याला अश्रुग्रंथि असेंहि म्हणतात. पापणी उचलणाऱ्या स्नायूच्या पसरट कडेमुळें त्याचे दोन भाग पडतात. मोठा भाग हाडाच्या आड लपलेला असतो व लहान भाग वरच्या पापणीच्या आंतल्या अंगास असतो. मनुष्य रडतो तेव्हां जें पाणी वाहतें तें मुख्यतः येथून येतें. पापणी लवली कीं तें बुबुळावर पसरतें आणि नाकाच्या बाजूच्या दोन बारीक छिद्रांवाटे अश्रुनलिकेंतून नाकांत उतरतें. रडतांना नाक वाहूं लागतें त्याचें कारण हेंच. पुष्कळांच्या डोळ्यांतून विनाकारण सारखें पाणी गळत असतें; तें बहुधा ही नाकाकडील नळी बुजल्यामुळें होय. तो विकार वेगळा. आजचा विषय कानशिलाच्या बाजूच्या पिंडाचा आहे.

हा रोग किती विरळ आहे? डेन्मार्क देशांत अशा रोगांची नोंद काळजीपूर्वक ठेवली जाते. तेथील नोंदींवरून दहा लक्ष माणसांमागें वर्षाकांठीं एखाददुसऱ्यास अश्रुपिंडाचें अर्बुद होतें असें आढळलें. आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. २०११ च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या ११ लक्ष ७७ हजारांच्या घरांत भरली. डेन्मार्कचें प्रमाण येथें जसेंच्या तसें लागूं पडेल असें नाहीं. तरीपण अंदाजापुरता तोच हिशेब धरला, तर हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा व वसमत हे पांचहि तालुके मिळून वर्षांत असा एखादा रोगी निघावा. म्हणजे तालुक्याच्या गांवीं चाळीस वर्षें दवाखाना चालविलेल्या डॉक्टरालाहि हा रोग एकदांसुद्धां पाहावयास मिळणार नाहीं. इतर रोगांत अनुभव हा मोठा गुरु असतो. येथें तो गुरु भेटतच नाहीं. या रोगाच्या इतिहासांतील बहुतेक अनर्थ या एका गोष्टींतून उद्भवले आहेत.

आतां थोडें मागें जाऊं. आपल्या सुश्रुतसंहितेंत अश्रु वाहून नेणाऱ्या दोन धमन्यांचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथाच्या उत्तरतंत्रांत डोळ्यांचे शहात्तर रोग गणले असून पापणीवरील अर्बुदाचाहि त्यांत समावेश आहे. अश्रुपिंडाचें अर्बुद सुश्रुताला ठाऊक होतें, असें म्हणण्यास आधार नाहीं. तसें म्हणून पूर्वजांचा मोठेपणा वाढतो असेंहि नाहीं. परंतु अर्बुदमात्राचें जें लक्षण त्या ग्रंथांत दिलें आहे तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. अर्बुद वाटोळें, स्थिर, मंद वेदनेचें, खोल मुळाचें, सावकाश वाढणारें व न पिकणारें असतें, असें तेथें म्हटलें आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट चिकित्सास्थानांत आहे. अर्बुद काढतांना त्याचा थोडाहि अंश मागें राहिला तर तें पुन्हां वाढतें, आणि विझल्यासारखा वाटणारा अग्नि उरल्या ठिणगीनें घर जाळतो त्याप्रमाणें तो अंश रोग्याचा घात करितो. म्हणून अर्बुद निःशेष काढावें, असा तेथें उपदेश आहे. हा उपदेश श्रोत्यांनीं मनांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

युरोपांत पुष्कळ शतकें अशी समजूत होती कीं अश्रु मेंदूंतून पाझरतात. दुःख डोक्यांत होतें, तेव्हां पाणीहि तेथूनच यावें, असा तो तर्क. १६६२ मध्यें निल्स स्टेन्सन नांवाच्या तरुण डॅनिश शारीरशास्त्रज्ञानें तो खोडून काढला. हॉलंडमधील लायडन येथें शिकत असतां जनावरांचीं डोकीं कापून पाहतांना त्याला या पिंडाच्या बारीक नळ्या सांपडल्या, आणि अश्रूंचा उगम मेंदूंत नसून या पिंडांत आहे असें त्यानें प्रसिद्ध केलें. पिंड ओळखीचा झाला. आतां त्याला होणारे रोग त्याच्या नांवावर मांडतां येऊं लागले.

परंतु रोग ओळखणें व तेथपर्यंत पोंचणें यांत मोठें अंतर होतें. डोळ्याची खोबण म्हणजे हाडाचा एक शंकु. पुढें डोळा, मागें दृष्टीचा मज्जातंतु, भोंवतीं स्नायु व रक्तवाहिन्या. त्यांत मागल्या बाजूला गांठ झाली तर हात घालावा कोठून? ड्रेस्डेन येथील गेऑर्ग बार्टिश यानें १५८३ मध्यें छापलेल्या आपल्या नेत्रवैद्यकाच्या ग्रंथांत यावर एक भयंकर उपाय वर्णिला आहे. तो उपाय म्हणजे डोळ्यासकट खोबणींतील सर्व कांहीं खरवडून काढणें. हें सर्व रोगी शुद्धीवर असतांना करावें लागे, हें लक्षांत घेतलें म्हणजे पुष्कळ रोग्यांनीं गांठ तशीच वाढूं दिली असेल यांत नवल वाटत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत तीन गोष्टींनीं ही स्थिति पालटली. पहिली गोष्ट भूल देण्याची. १८४७ मध्यें एडिंबरोच्या सिम्प्सननें क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. पण तें घेतल्यावर क्वचित् रोगी एकाएकीं दगावे, आणि मृत्यु श्वास थांबल्यानें येतो कीं हृदय थांबल्यानें, याविषयीं तीव्र वाद माजला. या वादाचा एक मोठा अध्याय आमच्या राजधानींत लिहिला गेला. हिंगोली त्या काळीं निजामाच्या राज्यांत होती आणि येथें हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. हैदराबादेच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनीं १८८८ मध्यें व पुन्हां १८८९ मध्यें जनावरांवर प्रयोग करून या प्रश्नाची चौकशी केली. दुसऱ्या चौकशीसाठीं लंडनहून लॉडर ब्रंटन यांस बोलावण्यांत आलें व त्याचा खर्च निजाम सरकारनें दिला. हैदराबादच्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांनींहि त्या कामांत भाग घेतला होता. स्त्रियांनीं भूल देण्याचें शास्त्र हातीं घेतल्याचें हें फार जुनें उदाहरण होय. धोका श्वासाचा आहे, हृदयाचा नाहीं, असा लॉरी यांचा निष्कर्ष होता. पुढील संशोधनांत हृदयहि एकाएकीं थांबूं शकतें असें सिद्ध होऊन तो निष्कर्ष अपुरा ठरला. तथापि भूल दिलेल्या रोग्याच्या श्वासावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावें, हा त्यांचा आग्रह मात्र अजूनहि खरा आहे. याच सुमारास, १८८४ मध्यें, व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यानें कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर होतो हें दाखविलें होतें.

दुसरी गोष्ट वाट सांपडण्याची. झूरिकचे शस्त्रवैद्य क्रोन्लाइन यांनीं १८८८ च्या सुमारास खोबणींत बाजूनें शिरण्याची युक्ति काढली. कानशिलाच्या बाजूची हाडाची भिंत कापून दारासारखी बाजूला वळवावयाची, आंतील गांठ काढावयाची आणि हाड पुन्हां जागच्या जागीं बसवावयाचें. डोळा जेथल्या तेथें राहतो व दृष्टीहि वांचूं शकते. या कृतींत पुढें पुष्कळ सुधारणा झाल्या. पण अश्रुपिंडाच्या खोल गांठीपर्यंत जाण्याचा आजचा मार्ग मूळ त्याच दारांतून जातो.

तिसरी गोष्ट सूक्ष्मदर्शक यंत्राची. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गांठी यंत्राखालीं निरनिराळ्या दिसूं लागल्या. काढलेल्या गांठींपैकीं एका प्रकारांत पेशींचे नळकांड्यांसारखे पुंजके आढळत. त्याला बिलरोथ या विख्यात शस्त्रवैद्यानें नळकांड्यावरूनच नांव दिलें. १८८८ मध्यें पूर्व प्रशियांतील एका शेतकऱ्याचे दोन्हीकडील अश्रुपिंड व लालापिंड सुजल्याचें मिकुलिच यांनीं दाखविलें, आणि तो विकार त्यांच्या नांवानें ओळखला जाऊं लागला. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं जपानमधील संशोधकांनीं सिद्ध केलें कीं अशा पुष्कळ रोग्यांत तें अर्बुद नसून, शरीराच्या रक्षकशक्तीच्या बिघाडामुळें आलेली सूज असते, व ती औषधानें उतरते. म्हणजे शंभराहून अधिक वर्षें जें दुखणें एका नांवानें चाललें, त्याचें खरें स्वरूप नंतर कळलें.

आतां या इतिहासाच्या मुख्य प्रश्नाकडे येतों. १९५६ मध्यें न्यूयॉर्कचे अल्जर्नन रीज यांनीं अश्रुपिंडाच्या गांठींची विभागणी मांडली. त्यांच्या हिशेबीं निम्म्या गांठी पिंडाच्या स्वतःच्या पेशींपासून झालेल्या असत. उरलेल्या निम्म्या सूज किंवा रक्तपेशींच्या अर्बुदांसारख्या निराळ्या जातीच्या असत. पिंडाच्या पेशींपासून झालेल्यांतहि सौम्य व घातक असे दोन मोठे गट होते. पुढें रुग्णालयांतून अधिक माहिती जमल्यावर सुजेचें व रक्तपेशींच्या अर्बुदांचें प्रमाण याहून जास्त दिसून आलें. परंतु एकाच जागच्या फुगवट्यामागें चार निरनिराळे रोग असतात ही गोष्ट पक्की झाली.

याचा अर्थ समजण्यासाठीं दोन रोगी आपण कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. एक कळमनुरीकडचा चाळीस वर्षांचा शेतकरी. त्याचा डावा डोळा दोनतीन वर्षांपासून हळूहळू खालीं व नाकाकडे सरकला आहे. दुखत मुळींच नाहीं. घरच्यांच्या लक्षांतहि तें उशीरा आलें. दुसरी वसमतची पंचविशींतील शिक्षिका. तिच्या डोळ्याचा फुगवटा चार महिन्यांचा आहे. पण कानशील रात्रंदिवस ठणकतें, आणि कपाळाचा तो भाग बधिर वाटतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांचा डोळा सारखाच दिसेल. तथापि दोघांवरचा उपाय एकमेकांच्या अगदीं उलट आहे.

शेतकऱ्याला बहुतेक मिश्र जातीचें सौम्य अर्बुद आहे. त्याच्याभोंवतीं एक पातळ वेष्टण असतें, व त्या वेष्टणालाच बारीक बारीक कोंब फुटलेले असतात. हें अर्बुद वेष्टणासकट, भोंवतालच्या थोड्या निरोगी भागासह, न फोडतां अखंड काढलें तर रोगी बरा होतो. परंतु वैद्यकाचा सर्वसाधारण नियम असा कीं गांठ कसली तें ठरविण्यासाठीं आधीं तिचा लहानसा तुकडा काढून तपासावा. त्याला बायॉप्सी म्हणतात. इतर ठिकाणीं अत्यंत शहाणपणाचा असलेला हा नियम येथें घातक ठरतो. तुकड्यासाठीं वेष्टणाला छेद दिला कीं आंतील पेशी खोबणींत सांडतात. कांहीं वर्षांनीं एका गांठीच्या ठिकाणीं अनेक गांठी उगवतात, त्या हाडांत शिरतात, आणि प्रसंगीं सौम्य असलेलें अर्बुद पुढें कर्करोगाचें रूप घेतें.

शिक्षिकेची गोष्ट उलट. तिच्या लक्षणांवरून नळकांडी जातीच्या कर्करोगाचा संशय येतो. हा रोग मज्जातंतूंच्या कडेकडेनें सरपटत जातो. ठणका व बधिरपणा त्यामुळेंच. येथें मात्र तुकडा काढून, रोग निश्चित केल्यावरच पुढें जावयाचें. खात्री न करतां घाईघाईनें गांठ काढण्याचा प्रयत्न केला तर रोगाची मुळें सर्वत्र पसरतात व नंतरचे उपाय निष्फळ होतात.

तेव्हां पहा, पेंच कसा आहे! तुकडा काढल्याशिवाय रोग कळत नाहीं. आणि एका रोगांत तुकडा काढणेंच अपायाचें. पूर्वीं शस्त्रवैद्य आपापल्या संवयीप्रमाणें वागत. कोणी प्रत्येक गांठीचा तुकडा घेई, कोणी प्रत्येक गांठ तडक उपटी. एका वैद्याच्या आयुष्यांत असे दोनतीनच रोगी येत असल्यामुळें आपली चूक त्याला कधीं दिसत नसे. रोग दहा वर्षांनीं उलटे तेव्हां रोगी दुसऱ्याच गांवीं, दुसऱ्याच डॉक्टरच्या दारीं उभा असे.

ही चूक उघडकीस आणली ती जमविलेल्या नोंदींनीं. अमेरिकेच्या सैन्याच्या रोगचिकित्सा संस्थेंत देशभरांतून आलेले नमुने जपून ठेवलेले होते. तेथें फाँट व गॅमेल यांनीं अश्रुपिंडाच्या २६५ अर्बुदांचा अभ्यास करून १९७८ मध्यें तो प्रसिद्ध केला. मिश्र जातीचें सौम्य अर्बुद जेथें अखंड काढलें होतें तेथें पांच वर्षांत तें शेंकडा ३ रोग्यांत उलटलें. जेथें आधीं छेद देऊन तुकडा घेतला होता तेथें शेंकडा ३२ रोग्यांत उलटलें. रोग एकच आणि अवयवहि तोच. फरक पहिल्या दिवशीं हातून घडलेल्या कृतीचा. सुश्रुतसंहितेंतील उरलेल्या ठिणगीचा उपदेश या दोन आंकड्यांजवळ ठेवून पाहावा. मूळ तत्त्व प्राचीन होतें. तें कोणत्या गांठीला केव्हां लावावें हें मात्र मोजून दाखविण्यास इतका काळ जावा लागला.

पण तुकडा न काढतां ओळखावें कसें? त्याचें उत्तर दुसऱ्या वर्षीं, १९७९ मध्यें, लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयाचे जॉन राइट व त्यांचे सहकारी यांनीं दिलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : रोग्याला आधीं दोन प्रश्न विचारा. फुगवटा किती दिवसांचा? आणि दुखतें काय? वर्षाहून अधिक काळ, वेदनेशिवाय वाढलेली घट्ट गांठ असेल, व चित्रांत हाडाला नुसता गुळगुळीत खळगा पडलेला असेल, तर ती मिश्र जातीची समजून न छेडतां अखंड काढा. मुदत थोडी असेल, ठणका असेल, हाड कुरतडलेलें असेल, तर प्रथम तुकडा तपासा. काळ आणि वेदना असे हे दोन साक्षीदार. दोघेहि रोग्याच्या तोंडीं प्रथमपासून होते. त्यांची साक्ष कोणीं क्रमानें घेतली नव्हती, एवढेंच.

या साक्षीला यंत्राचीहि जोड मिळाली. १८९५ मध्यें रंटगेन यांस क्ष-किरण सांपडले. पण त्यांत हाड दिसे, मऊ गांठ दिसत नसे. १९७१ मध्यें लंडनजवळच्या एका रुग्णालयांत हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्रानें पहिल्या रोग्याच्या डोक्याचें चित्र घेतलें, आणि १९७९ मध्यें त्यांना कॉर्मॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. त्यानंतर एम. आर. आय. आलें. आतां गांठीची कड, तिच्यांतील चुन्याचे कण, हाडाचा खळगा कीं हाडाची झीज, हें सर्व शस्त्र न लावतां दिसतें. तरीसुद्धां प्रश्नांची जागा यंत्रानें घेतली नाहीं. चित्राचा अर्थ रोग्याच्या हकीकतीवरूनच लागतो.

उरलेले दोन प्रकार थोडक्यांत सांगतों. पापणीचें बाहेरचें टोक चारआठ दिवसांत लाल होऊन सुजलें, दुखूं लागलें व ताप आला, तर ती बहुधा पिंडाची सूज असते व औषधानें उतरते. मात्र ती ठरल्या मुदतींत उतरली नाहीं तर तुकडा तपासणें अवश्य आहे. वयस्क माणसांत, न दुखतां, डोळ्याच्या आकाराबरहुकूम पसरणारी मऊ गांठ असेल तर ती लसिकापेशींचें अर्बुद असूं शकते. तिचाहि तुकडा घ्यावयाचा. पुढें सर्व शरीराची तपासणी करून किरणोपचार किंवा औषधें द्यावयाचीं. येथें मोठी शस्त्रक्रिया लागत नाहीं.

नळकांडी कर्करोगाची हकीकत मात्र अद्यापि पुरी झालेली नाहीं. पूर्वीं डोळ्यासह सर्व खोबण रिकामी करीत व भोंवतालचें हाडहि काढीत. तरी मज्जातंतूंवाटे पुढें गेलेला रोग दहापंधरा वर्षांनींहि परत येई. १९९८ मध्यें अमेरिकेंतील मायामी येथील डॉक्टरांनीं निराळा मार्ग प्रसिद्ध केला. पिंडाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीच्या वाटेनेंच औषध सोडून गांठ आधीं लहान करावयाची, मग ती काढावयाची व नंतर किरण द्यावयाचे. निवडक रोग्यांना त्याचा उपयोग झाला आहे. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं, गांठ लहान असल्यास, डोळा राखून गांठ काढतात व त्यावर किरणोपचार करितात. प्रत्येक रोग्याचा निर्णय मात्र स्वतंत्रपणें, नेत्रशस्त्रवैद्य, रोगचिकित्सक व किरणोपचारक यांनीं एकत्र बसून घ्यावा लागतो.

आपल्या प्रांतांत ही विद्या कशी आली? मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्यें निघालें व त्याच्या जोडीला कावसजी जहांगीर नेत्ररुग्णालय १८६६ मध्यें उभें राहिलें. परंतु अर्बुदांच्या अभ्यासाला स्वतंत्र घर मिळालें तें १९४१ मध्यें. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्यें रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. त्यांच्या पश्चात् टाटांच्या न्यासानें परळला टाटा मेमोरियल रुग्णालय बांधलें. तेथील प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं उभारली. शस्त्रवैद्यानें काढलेला तुकडा यंत्राखालीं पाहून त्यांतील रोग नेमका सांगणें, ही विद्या आपल्याकडे पक्क्या पायावर आणण्याचें श्रेय मुख्यतः त्यांस आहे. विरळ रोगाचा नमुना जेथें जपून ठेवला जातो, तेथेंच पुढच्या पिढीचा डॉक्टर तो रोग प्रथम पाहतो. खेड्यांतील दवाखान्यांत न भेटणारा अनुभवरूपी गुरु अशा प्रयोगशाळेंत भेटतो.

नोंदींचें कामहि येथें सुरू झालें. मुंबईंत १९६३ मध्यें इंडियन कॅन्सर सोसायटीनें लोकसंख्येवर आधारलेली कर्करोगाची नोंदवही उघडली. हिंदुस्थानांतील ती पहिली. खेड्यांतील पहिली नोंदवही मात्र आमच्या मराठवाड्याच्या सीमेवर निघाली. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयानें १९८७ मध्यें बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील सुमारें साडेतीनशें खेड्यांत हें काम आरंभिलें. यांतील परांडा व भूम हे दोन्ही तालुके मराठवाड्याचे. कार्यकर्ते गांवोगांव जाऊन रोगाचीं लक्षणें समजावून सांगत व संशयित रोग्याला रुग्णालयाची वाट दाखवीत. रोगी आपण होऊन येईल या भरंवशावर बसून नोंदवही भरत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आमच्या हिंगोलीकडील माणसाला पूर्वीं मोठ्या दुखण्यासाठीं हैदराबाद हीच दिशा ठाऊक होती. आतां नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, छत्रपति संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय आहे, हैदराबादेस १९८७ पासून एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आहे, आणि परळचें रुग्णालय तर आहेच. उणीव राहते ती घर व पहिला दवाखाना यांच्या दरम्यान. पापणी सुजली कीं रांजणवाडी समजून गरम पोटीस बांधावें, लेप द्यावा, कांहीं ठिकाणीं तर कानशिलावर डाग द्यावा, असा क्रम चालतो. रांजणवाडी आठपंधरा दिवसांत पिकते किंवा जिरते. जी गांठ पिकत नाहीं, जिरत नाहीं, आणि डोळ्याला खालीं ढकलते, ती रांजणवाडी नव्हे, एवढें ज्ञान घरोघर असण्यास हरकत नसावी. तसेंच गांवच्या डॉक्टरानें उत्साहानें तेथल्या तेथें कापून पाहण्यापेक्षां रोगी मोठ्या ठिकाणीं पाठविला, तर त्यानें हात आखडला असें न समजतां त्यानें उत्तम शस्त्रक्रिया केली असें समजावें.

घरच्या माणसांच्या हातीं आणखी एक साधन आहे, आणि तें तज्ज्ञ डॉक्टरहि मागून घेतात. तें म्हणजे जुनें छायाचित्र. लग्नांतील, मुंजींतील किंवा शाळेच्या वर्गाचा एखादा फोटो घरोघर असतो. पांच वर्षांपूर्वींच्या चित्रांत तोच डोळा थोडा खालीं दिसला, तर रोग जुना व बहुधा सौम्य आहे असें अनुमान निघतें. गेल्या दिवाळीच्या चित्रांत दोन्ही डोळे अगदीं सारखे दिसले, तर रोग नवा व संशयास्पद ठरतो. काळ या साक्षीदाराची लेखी जबानी अशी भिंतीवर टांगलेली असते. दुखणें केव्हां सुरू झालें याची तारीख लिहून ठेवणें, ठणका रात्रीं होतो कीं दिवसा, कपाळ बधिर वाटतें काय, एका वस्तूच्या दोन दिसतात काय, हें नीट सांगणें, याला विद्यापीठाची पदवी लागत नाहीं. आधीं कोठें छेद घेतला असल्यास तीहि गोष्ट लपवूं नये. काढलेल्या तुकड्याचा अहवाल व कांचपट्ट्या जपून सोबत न्याव्यात.

बार्टिशच्या खरवडण्यापासून राइट यांच्या दोन प्रश्नांपर्यंत जवळजवळ चारशें वर्षें गेलीं. या काळांत शस्त्रें तीक्ष्ण झालीं, भूल सुरक्षित झाली, चित्रें स्पष्ट झालीं. आणि तरीहि मिश्र अर्बुदाचा रोगी वांचतो कीं पुन्हां पुन्हां शस्त्राखालीं जातो, हें पहिल्या भेटींत विचारलेल्या व खरेपणानें उत्तरलेल्या त्या प्रश्नांवर अवलंबून राहतें. आपल्या कुटुंबांत कोणाच्या डोळ्याचें टोक जड झालेलें दिसलें, तर आपण प्रथम तारीख आठवावी, जुना फोटो शोधावा, लेप व डाग दूर ठेवावे आणि योग्य रुग्णालयाचा रस्ता धरावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.